राजडोहाचा काळा पट्टा

प्रेमिला गजभियेनं त्या सकाळी जीपमध्ये बसतानाच ठरवून टाकलं होतं, की या भूवैज्ञानिकाशी कामापुरतं बोलायचं. त्याचं नाव वसंत डेकाटे. वय तिच्याएवढंच, चौतीस-पस्तीस. नागपूरच्या एका सरकारी कार्यालयातून त्याला राजडोहाच्या घळीतला दगडाचा काळा पट्टा मोजायला पाठवलं होतं. आणि प्रेमिला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची म्हणून तिच्याकडं त्याच घळीतल्या झाडाझुडपांची यादी मागितली होती. दोघांचे अहवाल एकाच समितीपुढं जायचे होते. पट्टा जाड निघाला तर मँगनीजची खाण होणार, आणि खाण व्हायची तर ती घळ राखीव जंगलातून वगळणार. एक्क्याऐंशी सालचा डिसेंबर सुरू होता. समितीची बैठक पंधरा जानेवारीला होती.

डेकाटे मात्र बोलका निघाला. सावनेर मागं पडलं तसं त्यानं तिला मँगनीजबद्दल सांगायला घेतलं, खाप्याला चहा पिताना संगमरवराबद्दल. "मॅडम, आपण जिथं चाललो ना, तिथले दगड शंभर कोटी वर्षांच्या वरचे आहेत. तेव्हा या पृथ्वीवर गवताचं पातंही नव्हतं."

"आता आहे," प्रेमिला म्हणाली. "तीनशे बारा प्रकार आहेत. मी मोजलेत."



सहा वर्षं ती या घळीत येत होती. इथून नेलेली प्रत्येक डहाळी तिनं नागपुरात, इंदोऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवली होती. आई, रंभाबाई, कुरकुरायची, की घरात माणसांपेक्षा वाळल्या पाल्याला जागा जास्त आहे. पण पोरगी जंगलातून परत आली की पाय धुवायला गरम पाणीही तीच काढून ठेवायची.

घळीच्या तोंडाशी धोंडबा उईके उभा होता. तो इथला जंगलखात्याचा नाकेदार. पंचेचाळिशीचा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. वीस वर्षं हे जंगल त्यानं राखलं होतं. खाली उतरायच्या आधी त्यानं पश्चिमेच्या कड्याकडं बोट केलं. कड्याचा माथा पुढं झुकला होता आणि त्याच्या पोटाशी सात काळी सुपं टांगल्यासारखी दिसत होती.

"आग्या मोहोळ हाये, साहेब. खाली काम करा, पण हातोडी नोका मारू. दगड हालला का त्याइले समजते."

"बरं," डेकाटे म्हणाला.

तुमडी नदी तिथं दोन कड्यांमधून अंग चोरून वाहायची. कडे चांगले चाळीस फूट उंच. वर, उन्हात, दगडाच्या भेगांत कुलूची झाडं, पांढरीशुभ्र, साल कागदासारखी सुटलेली. त्यांची मुळं उघड्या खडकावरून ओघळत खाली आलेली. त्याखाली सावलीत ओल होती, नेचे होते, शेवाळ होतं, आणि कोरड्या कपारींत मुठी आवळून बसलेली संजीवनी. खाली नदीचा डोह, हिरवा-काळा. डोहाच्या वर, पश्चिमेच्या कड्याला, पुरुषभर उंचीवर एक अरुंद कंगोरा होता, आणि कंगोऱ्याच्या मागं तो पट्टा. पलीकडच्या काठावरून पाहिलं तर सात फूट जाड दिसायचा. आधी येऊन गेलेल्या माणसानं तसंच लिहिलं होतं, सात फूट, आणि त्या आकड्यावरच हे सगळं सुरू झालं होतं.

डेकाटे कंगोऱ्यावर चढला आणि दोन तास मान खाली घालून काम करत राहिला. टेप लावायचा, मेणकापडाच्या वेष्टणातल्या वहीत लिहायचा, पुन्हा टेप लावायचा. मध्येच तो स्वतःशी हसला. प्रेमिला खाली डोहाच्या काठावर आपली नोंद करत होती. ते हसू तिला दिसलं. सापडलं याला, तिला वाटलं.

"मॅडम, जरा वर येता का? दाखवायचंय काहीतरी."

"मला काम आहे," ती म्हणाली.

मग त्यानं हातोडी काढली.

धोंडबा कड्याच्या माथ्याकडच्या वाटेवर होता. तो वरून ओरडला, "साहेब, नोका."

"दोनच टोले. आतला दगड पाहायचाय."

पहिला टोला बसला. दुसरा बसला. ढलपी निघेना, म्हणून त्यानं तिसरा मारला. त्याबरोबर वरचं एक सूप जागच्या जागी थरथरलं आणि सुटलं. आधी आवाज आला, मग पिकल्या केळ्यासारखा वास. प्रेमिलानं तो वास एकदाच, लहानपणी, घेतला होता आणि त्याचा अर्थ तिला माहीत होता. माशीनं डंख मारून दुसऱ्या माशांना हाक दिली की हा वास सुटतो.

"हात हलवू नका," ती म्हणाली. पण डेकाटे दोन्ही हात झाडत कंगोऱ्यावरून पळत सुटला होता. चार पावलांवर कंगोरा संपला. तो पडला की त्यानं उडी मारली, हे नंतर त्यालाही सांगता आलं नाही. काठाच्या खडकावर त्याचा पाय आपटल्याचा आवाज मात्र तिनं ऐकला, आणि मग तो डोहात गेला.

तिनं पदर तोंडावर ओढला आणि पाण्यात उतरली. पाणी छातीपर्यंत, हाडं गोठवणारं. त्याच्या सदऱ्याची कॉलर हातात आली तशी तिनं त्याला ओढत कड्याखालच्या कपारीशी नेलं. माशा पाण्यावर पसरल्या होत्या. तिच्या मानेवर, कानामागं, मनगटावर निखारे पडत होते. तेवढ्यात वरून काहीतरी जड येऊन पाण्यात आपटलं. धोंडबाची घोंगडी होती. तिनं वर पाहिलं. उघड्या कड्यावरून धोंडबा मुद्दाम काठी फिरवत, उन्हाच्या बाजूला, मोहोळापासून लांब पळत होता, आणि माशांचा एक मोठा लोट त्याच्यामागं वळला होता.

तिनं भिजलेली घोंगडी दोघांच्या डोक्यावर घेतली. आत अंधार, लोकरीचा वास आणि डेकाटेचा श्वास. तो श्वास तिला आवडला नाही. आत जाताना शीळ वाजत होती. त्याचे डोळे सुजून मिटले होते, ओठ उलटे झाले होते. तिनं कमरेच्या पिशवीतली रोपं खुडायची सुरी काढली आणि सुरीच्या बोथट पाठीनं त्याच्या चेहऱ्यावरचे, गळ्यावरचे काटे एकेक करून खरवडून काढायला लागली. चिमटीत धरले तर विष आत पिळलं जातं. ती मोजत होती, कारण मोजलं नसतं तर ती रडली असती. बासष्टनंतर तिनं मोजणं सोडलं.

"झोपू नका," ती त्याला सांगत होती. "डेकाटेसाहेब, बोला काहीतरी. दगडाचं बोला."

"घडी..." तो पुटपुटला. पुढं काही नाही.

असा तास गेला असेल. वरचा आवाज हळूहळू पातळ झाला. तिनं घोंगडीची कड उचलून बाहेर पाहिलं. पाण्यावर दहा-वीस माशा मरून तरंगत होत्या, जिवंत दोन-चारच. आणि डोहाच्या मधून, प्रवाहाच्या संथ ओढीनं, मेणकापडात गुंडाळलेली वही येत होती.

ती सरळ तिच्याकडंच आली. हात लांब केला असता तर मिळाली असती. प्रेमिलाचा एक हात डेकाटेच्या कॉलरीत होता, दुसरा मोकळा होता. तिनं वहीकडं पाहिलं. त्यात काय आहे ते तिला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं: पट्ट्याची मापं, त्याचं ते हसू. वही गेली तर याला पुन्हा यावं लागेल, आणि हा पायानं जायबंदी. बैठक पुढं ढकलली जाईल, उन्हाळा येईल, पुढचं पुढं. वही तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेली. ती हलली नाही. डोहाच्या तोंडाशी, जिथं पाणी दगडांमधून खाली उडी घेतं, तिथं वही क्षणभर आडवी अडकली, मग फिरली आणि दिसेनाशी झाली.

कुणी विचारलं तर सांगायला कारण होतं. माशा होत्या.

दुपार कलायच्या सुमाराला धोंडबा गावातून चार माणसं, एक खाट आणि ओल्या गवताचा धूर घेऊन आला. त्याचा डावा कान आणि अर्धा चेहरा ओळखू येत नव्हता. डेकाटेला खाटेवर घालून वर आणलं, जीपमध्ये टाकलं, आणि अंधार पडायच्या आत नागपूरच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर घसा बंद झाला असता. नडगीचं हाड मोडलं होतं. प्रेमिलाला सतरा काटे होते. रंभाबाईनं रात्रभर तिच्या मानेवर थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या.

दहा दिवसांनी डेकाटेचा निरोप आला. त्याला घरी सोडलं होतं आणि तो कोराडीला भावाकडं होता. भाऊ वीज केंद्रात कामाला. प्रेमिला बस पकडून गेली. वसाहतीतल्या कडुनिंबांच्या पानांवर राखेचा करडा थर होता. तिनं सवयीनं एक पान बोटानं पुसलं, खालून हिरवं निघालं.

डेकाटे खाटेवर बसला होता, पाय प्लास्टरमध्ये, चेहऱ्यावरची सूज उतरलेली. वहिनीनं चहा दिला आणि ती आत गेली.

"मॅडम, तुमच्यामुळं मी आज इथं बसलोय," तो म्हणाला. "आभार मानायला शब्द कमी पडतात."

"राहू द्या."

"एकच गोष्ट जिवाला लागून राहिलीये. माझी वही गेली. आणि तुमचं नशीब पाहा, तुमच्याच कामाची होती ती."

प्रेमिलानं कप खाली ठेवला.

"तो पट्टा सात फुटी नाहीच. दोन पातळ पट्टे आहेत, एक वर, एक खाली, नऊ-नऊ इंचांचे. चादरीची घडी घालावी तसा एकच थर दुमडलाय. मधे सगळा अभ्रकाचा भुसभुशीत दगड. वरून पाणी झिरपून सगळ्यावर काळी साय चढलीये, म्हणून लांबून एकसंध वाटतो. आणि ते पट्टेही अस्सल मँगनीजचे नाहीत. ढलपी फोडली तर आत काळ्याऐवजी तपकिरी निघाला असता, मला खात्री आहे. तेच पाहायला तिसरा टोला मारला, मूर्खासारखा. तुम्हाला वर बोलावलं होतं ना मी? तेच दाखवायचं होतं."

"मग तसं लिहा की."

"मापांशिवाय? साहेब म्हणतात, आधीच्या अहवालात सात फुटांचं माप आहे, तुमच्याकडं काय आहे? आठवण? पंधरा तारखेला जुना आकडा समितीपुढं जाणार." त्यानं प्लास्टरवर हात ठेवला. "जाऊ द्या. तुम्ही तरी काय करणार होता. त्या माशांत वही कोण पाहतं."

तिला तिथून उठून जाता आलं असतं. त्यानं कारणसुद्धा स्वतःच तिच्या हातात दिलं होतं. बाहेर राखेचा ट्रक गेला, खिडकीचं तावदान वाजलं.

"मी पाहिली होती," ती म्हणाली.

"काय?"

"वही. माझ्या हाताजवळून गेली. माशा तेव्हा पांगल्या होत्या. मी घेतली असती तर मिळाली असती. मी घेतली नाही."

डेकाटे तिच्याकडं पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला बराच वेळ लागला, आणि आला तोही आवाज न वाढवता. "मला धरून ठेवलं आणि ती सोडली."

"हो."

"काहून?"

"मला वाटलं, त्यात खाण आहे."

त्यानं दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलून खाटेवर नीट ठेवला. शेवटी म्हणाला, "माझा पाय अजून महिनाभर असाच आहे. मापं तुम्ही घ्यायची. मी पलीकडच्या काठावर दुर्बीण घेऊन बसेन. मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक आकडा लिहिणार नाही."

"चालेल."

"खालचा पट्टा पाल्यानं झाकलाय. मला एकाच ठिकाणी सापडला होता, आणि तीन ठिकाणची मापं लागतील. तो कसा शोधाल?"

प्रेमिलानं क्षणभर विचार केला. "हंसराज," ती म्हणाली. "तिथं हंसराजाची एक सरळ रेघ आहे, मी दर वर्षी पाहते. भुसभुशीत दगडातून पाणी खाली येत असेल आणि कठीण दगडावर अडत असेल. जिथं पाणी अडतं तिथंच तो नेचा उगवतो. त्या रेघेखाली तुमचा पट्टा असणार."

त्यानं मान हलवली. कबूल केल्यासारखी, माफ केल्यासारखी नव्हे.

आठ जानेवारीला, तांबडं फुटायच्या वेळी ते घळीत होते. धोंडबाच्या सांगण्यावरून हीच वेळ धरली होती. थंडीत मोहोळ आखडून बसतं, पण कड्यावर ऊन पडलं की संपलं. पश्चिमेचा कडा, उगवतीकडं तोंड. सूर्य वर आल्यावर तासाभरानं ऊन तिथं पोचायचं. बोलायचं नाही, फक्त हातानं खुणा. डेकाटेला दोघा गावकऱ्यांनी पाठुंगळी घेऊन समोरच्या काठावर बसवलं. धोंडबानं प्रेमिलाच्या कमरेला दोर बांधला आणि हळूच म्हणाला, "बाई, काही झालं तरी हात नोका झटकू."

खालचा पट्टा आधी. हंसराजाची रेघ जिथं तिला आठवत होती तिथंच होती. तिनं नेचे उपटले नाहीत. बोटांनी अलगद बाजूला केले. खाली काळा, गुळगुळीत, कठीण दगड. धोंडबानं टेपचं एक टोक धरलं. साडेआठ इंच. तिनं समोर दोन्ही हात वर करून आठ बोटं दाखवली, नववं अर्धं दुमडून. दुर्बीण हलली, डेकाटेनं लिहिलं. दहा हात पुढं, नऊ इंच. त्याच्या पुढं, साडेआठ.

वरच्या पट्ट्याला कुलूच्या मुळावरून चढावं लागणार होतं. मूळ दहिवरानं ओलं होतं. ती चढली. आता मोहोळ तिच्या डोक्यापासून पंधरा-वीस फुटांवर होतं, आणि तिला त्याचा वास येत होता, मेणाचा, गोडसर. पहिलं माप नऊ. दुसरं नऊ. भेगेतून सुटलेली दगडाची एक ढलपी आपोआप हाताला लागली. मोडलेल्या बाजूनं ती तपकिरी होती. ती तिनं पिशवीत टाकली.

तिसऱ्या मापासाठी तिला डावीकडं सरकायला लागलं. ती टेप लावत होती आणि खालून दोराला हलका झटका बसला. धोंडबा. तिनं वर पाहिलं. कड्याच्या माथ्यावर ऊन आलं होतं.

ते खाली उतरताना दिसत होतं. पहिल्या सुपाला लागलं तसं त्याच्या अंगावरून एक लहर गेली, वरून खाली, जणू कुणी काळ्या कापडावरून हात फिरवला. मग दुसऱ्याच्या. एक माशी आली आणि तिच्या मनगटावर बसली. दुसरी गालावर. गालावरची चालत चालत डोळ्याच्या कोपऱ्याशी आली आणि तिथं थांबली. प्रेमिलानं श्वास नाकातून, अगदी बारीक घ्यायला सुरुवात केली. पायाखालचं मूळ निसरडं होतं आणि डाव्या पोटरीला कंप सुटला होता. टेपवरचा आकडा तिला अर्ध्या डोळ्यानं दिसत होता. नऊ. बोटांनी खूण करायची तर हात हलवावा लागणार होता.

ती थांबली. किती वेळ, तिला सांगता आलं नसतं. मनगटावरची उडाली. डोळ्याशी बसलेली आणखी दोन पावलं चालली, पापणीला लागली, आणि गेली. तेव्हा तिनं हात, पाण्यातून काढावा इतक्या सावकाश, वर नेला आणि आधी पाच, मग चार बोटं दाखवली. समोर डेकाटेनं लिहिलं. मग दुर्बीण खाली ठेवून त्यानं तळहातानं खूण केली: उतरा, आता उतरा.

ती खाली पोचली. धोंडबानं तिला दंडाला धरून सावलीतून नदीच्या खालच्या वळणापर्यंत नेलं. तिथं बसल्यावर ती त्याला म्हणाली, "धोंडबाभाऊ, तुम्ही माशा अंगावर घेतल्या, ते माझ्यामुळं वाया गेलं असतं. त्या दिवशी वही मी मुद्दाम जाऊ दिली."

धोंडबानं तंबाखू मळली. त्याचा डावा कान अजून जाड होता. "मले मालूम हाये, बाई. माशा सुटल्यावर मी गावाकडं जाता जाता वरून पाहिलं."

"मग बोलले काहून नाही?"

"तुमी काय करता, ते पाहून राहिलो होतो."

डेकाटेचा अहवाल बारा तारखेला गेला, सहा मापं आणि तपकिरी ढलपीसकट. मूळ नोंदवही नदीत वाहून गेल्याचं त्यात एका ओळीत होतं, कारण दिलं नव्हतं. अहवाल पोचवायला प्रेमिला त्याच्यासोबत कार्यालयात गेली होती. जिन्यावर त्यानं कुबड्या थांबवल्या आणि म्हणाला, "ते मी लिहिलं नाही. पण विसरेन असंही समजू नका."

"समजत नाही," ती म्हणाली.

समितीनं खाणीचा प्रस्ताव सोडून दिला. घळ राखीव जंगलातच राहिली. डेकाटेची फेब्रुवारीत बदली झाली, चंद्रपूरकडं, आणि पुन्हा त्यांची गाठ पडली नाही. प्रेमिलाची यादी त्या वर्षी तीनशे एकोणीसवर गेली. प्रत्येक नोंदीपुढं ती आता झाडाच्या नावाखाली आणखी एक रकाना भरायला लागली: कोणत्या दगडावर. सुरुवातीला तिला दगडांची नावं नीट येत नव्हती, तेव्हा ती दर शनिवारी कॉलेजच्या ग्रंथालयात भूशास्त्राची जाडजूड पुस्तकं काढून बसायची, आणि आई विचारायची, की आता घरात पाल्याबरोबर धोंडेही आणणार काय.